डबलसीट आणि सामान घेतलं की मागचा शॉकअप ठोकतो: पुन्हा पुन्हा येणारा त्रास मुळातून काढायचा कसा

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. आठवडाभर एकट्याने ऑफिसला जाताना गाडीत काही खोट दिसत नाही. रविवारी मागे बायको, कॅरिअरला दोन बॅगा बांधून इंदूरहून ओंकारेश्वरला निघालं की तेजाजी नगर ओलांडून थोडं पुढे गेल्यावर, पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मागून ठक् असा आवाज येतो आणि मागच्याची कंबर दुखते. भेरूघाटच्या वळणांवर गाडी ठरवलेल्या रेषेत न राहता बाहेर जाते, हँडल हलकं लागतं, आणि अंधार पडल्यावर परतताना समोरून येणारे सारखे डिपर मारतात. सोमवारी मेकॅनिक मागचे शॉकअप दोन खाचा वर करून देतो. पुढच्या महिन्यात महेश्वरला जाताना पुन्हा तोच ठक्.

हा त्रास परत येतो कारण खाच अंदाजाने बदललेली असते. गाडी वजनाने किती बसते हे कोणी मोजलेलं नसतं. मोजपट्टीने दहा मिनिटांत जे कळतं ते सीटवर बसून उड्या मारून कळत नाही. म्हणून खाली मोजमापावर जास्त भर आहे.

आवाज कोणता, कधी येतो

वजन असताना खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवरून उतरताना एकच जाड ठक् येत असेल तर शॉकअपची चाल (दबण्याची पूर्ण हद्द) संपून तो तळाला टेकतो आहे. आत रॉडच्या टोकाशी बंप रबर असतं. ते शाबूत असेल तर आवाज बोथट येतो, कुजून गेलं असेल तर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा.

याच्या उलट, एकट्याने चालवताना ब्रेकरवरून गेल्यावर मागचं चाक खाली पडतं त्या क्षणी खट् होत असेल, तर प्रीलोड (खाच वाढवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) गरजेपेक्षा जास्त आहे आणि शॉकअप वरच्या टोकाला आपटतोय. पुष्कळ लोक हे दोन्ही आवाज एकच समजून खाच आणखी वाढवतात आणि त्रास वाढतो.

बारीक खड्ड्यांवर, वजन असो नसो, सारखी खडखड येत असेल तर बहुधा शॉकअपच्या वरच्या किंवा खालच्या डोळ्यातलं रबर बुश गेलंय, नाहीतर नट ढिला आहे. त्याला खाच बदलून काही होणार नाही.

घासल्याचा आवाज आणि रबर जळल्याचा वास येत असेल तर टायर मडगार्डला लागतोय. मडगार्डच्या आतून हात फिरवा, घासलेली चकचकीत पट्टी सापडेल. असं होत असेल तर तिथेच थांबून वजन कमी करा, प्रवास तसाच पुढे रेटू नका.

प्रीलोड काय करतो

शॉकअपच्या खालच्या बाजूला जी पायऱ्यापायऱ्यांची रिंग असते ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. त्यामुळे गाडीची मागची बाजू वर येते. स्प्रिंगचा कडकपणा मात्र तोच राहतो. एक मिलिमीटर दाबायला जेवढा जोर पहिल्या खाचेवर लागत होता, तेवढाच पाचव्या खाचेवरही लागतो. म्हणजे प्रीलोड तुम्हाला खालची चाल परत मिळवून देतो, बस्स. स्प्रिंगच्या ताकदीबाहेरचं वजन घातलं तर शेवटची खाचही पुरत नाही.

दोन शॉकअपच्या साध्या गाडीत एका खाचेने स्प्रिंग साधारण ३ ते ५ मिमी दाबली जाते आणि मागची उंची जवळपास तेवढीच वाढते. मोनोशॉकमध्ये (मागे मधोमध एकच शॉकअप असलेल्या गाडीत) हिशोब वेगळा. तिथे चाक जेवढं वर-खाली होतं त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी शॉकअप दबतो. त्यामुळे रिंग ४ मिमी फिरवली तर चाकापाशी ८ ते १० मिमीचा फरक पडू शकतो. मोनोशॉकवाल्यांनी म्हणूनच थोडं थोडं फिरवून दर वेळी मोजावं.

आधी वजनाचा हिशोब

गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती भार चालेल ते दिलेलं असतं. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांचा हा आकडा १३० किलोच्या आसपास असतो, मोठ्या गाड्यांचा त्याहून जास्त. यात चालवणारा, मागे बसणारा, सामान आणि नंतर लावलेली प्रत्येक वस्तू येते. ७२ आणि ५८ किलोची दोन माणसं बसली की १३० तिथेच पूर्ण झाले. दोन हेल्मेट, लेग गार्ड आणि बॅगा टांगायची लोखंडी फ्रेम यांचे आठ-दहा किलो वेगळेच. त्यावर १५ किलोच्या बॅगा चढवून शॉकअपला दोष देण्यात अर्थ नाही.

सामान किती आहे याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. मागच्या एक्सलच्या ३० सेंमी मागे, कॅरिअरवर १५ किलोची बॅग बांधली आणि दोन चाकांमधलं अंतर १३० सेंमी असेल, तर मागच्या चाकावर १५ नाही, सुमारे साडेअठरा किलो येतात. वरचे साडेतीन किलो पुढच्या चाकावरून उचलले जातात. हँडल हलकं लागण्याचं पहिलं कारण हेच. तीच बॅग मागच्या माणसाच्या मांडीलगत, दोन्ही बाजूंना सारखी वाटून, एक्सलच्या पुढे टांगली तर पुढच्या चाकाचं वजन कमी न होता थोडं वाढतंच. जड वस्तू, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, पाने-पकडी, नमकीनचे डबे, खाली आणि पुढे घाला. कपडे आणि चादरी वर, मागे. टाकीवरच्या बॅगेत तीन-चार किलो ठेवले तर पुढचं चाक आणखी जमिनीला धरून राहतं. मागच्या टॉप बॉक्सवर किती किलो चालतील ते कॅरिअरवरच छापलेलं असतं, आणि तो आकडा लोकांना वाटतो त्याहून बराच लहान असतो.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. ओंकारेश्वर किंवा महेश्वरहून परतताना नर्मदेच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन हँडलला अडकवायची सवय फार वाईट आहे. पाच किलोचं लोंबतं वजन हँडलला आपल्या तालावर ओढतं, आणि घाटाच्या उतारावर ते बरोबर चुकीच्या क्षणी जाणवतं. कॅन साइड बॅगेत तळाशी ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन ठेवा. परतीचं वजन जातानापेक्षा जास्त असतं, तेव्हा सेटिंग करताना परतीचंच वजन धरून चाला.

हवा

सस्पेन्शनला हात लावण्याआधी टायरची हवा बघा, तीही सकाळी, टायर थंड असताना. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर) स्टिकर असतं, त्यावर एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या टायरचे वेगवेगळे आकडे असतात. पुढे साधारण २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ ते ३२ आणि डबलसीटला त्याहून जास्त. काही गाड्यांत हा डबलसीटचा आकडा ४० च्या वर जातो. रोजची हवा तशीच ठेवून वजन चढवलं की टायरच्या बाजूच्या भिंती लवतात आणि ६०-७० च्या वेगाला मागचा भाग सापासारखा डोलतो. लोक त्याला शॉकअपचा दोष समजतात. पुढच्या टायरमध्ये मात्र स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच हवा ठेवा.

मोजमाप

लागणाऱ्या गोष्टी: शिवणकामाचा नाही, लोखंडी मोजटेप, चिकटपट्टीचा तुकडा, एक मदतनीस.

मागच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर किंवा ग्रॅब रेलवर चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारा. सगळी मापं याच दोन बिंदूंमध्ये घ्यायची.

पहिलं माप गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत लटकत असताना. दुसरं गाडी जमिनीवर सरळ धरून, कोणी न बसता. तुलनेसाठी एकटं बसूनही एक माप घ्या. तिसरं दोघं बसून, सगळं सामान बांधून, हेल्मेट घालून, टाकी भरलेली असताना. दोघांनी पाय फूटरेस्टवर ठेवायचे, मदतनीसाने गाडी पुढून धरायची. शॉकअपमध्ये घर्षण असतं, त्यामुळे एकाच मापावर विश्वास ठेवू नका. गाडी मागून दाबून हळूच सोडा आणि मोजा, मग किंचित उचलून हळूच सोडा आणि मोजा. दोन्हींच्या मधला आकडा खरा. या दोन आकड्यांत बराच फरक येत असेल तर कुठेतरी बुश किंवा लिंकेज (मोनोशॉकला चिमट्याशी जोडणारे सांधे) अडकतंय.

समजा मागच्या चाकाची एकूण चाल १०० मिमी आहे आणि खाच पहिली आहे. लटकत्या चाकाचं माप ५२० मिमी, नुसत्या गाडीचं ५०८, एकटा ७० किलोचा माणूस बसल्यावर ४८८, आणि दोघं व १५ किलो सामान घेतल्यावर ४५८. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने १२ मिमी बसते, एकट्याने ३२ आणि पूर्ण भाराने ६२. ही गाडीची सॅग. पूर्ण भाराने १०० पैकी ६२ मिमी रस्त्यावर येण्याआधीच संपले, खड्ड्यासाठी उरले फक्त ३८. आवाज येणारच.

माणूस बसल्यावर सॅग एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश असावी असं धरतात. या गाडीत ती एकट्याने ३२, म्हणजे बरोबर आहे. गाडी मुळात एकट्यासाठी नीट बसवलेली आहे, बिघडलेली नाही. पूर्ण भाराने कम्युटर (रोजच्या ये-जा करायच्या) गाडीत एक तृतीयांश गाठणं बहुधा जमत नाही. ४५ च्या आत आणलं तरी आपल्या रस्त्यांवर काम भागतं.

आता खाच पहिलीवरून चौथीवर नेली. तीन खाचा, प्रत्येकी सुमारे ४ मिमी, म्हणजे साधारण १२-१३ मिमी परत मिळाले. भाराची सॅग ४९ झाली. पाचव्या खाचेवर ४५. सामानातून आठ किलो कमी केले की आणखी चार मिमी. हे आकडे तुमच्या गाडीत वेगळे येतील, पण हिशोबाची रीत हीच.

यातली दुसरी बाजूही बघा. चौथ्या खाचेवर नुसत्या गाडीची १२ मिमीची सॅग जवळपास शून्यावर आली. म्हणजे सोमवारी त्याच सेटिंगवर एकट्याने ऑफिसला गेलात तर चाकाला खाली जायला चालच उरलेली नाही. खड्डा आला की टायर जमिनीला धरून राहण्याऐवजी उचलला जातो, मागून खट् होतं आणि ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक लगेच घसरतो. आल्यावर खाच परत खाली आणायची ती यासाठी.

ज्यांची चाल मोठी आहे त्यांचे आकडे त्या प्रमाणात वाढतील. ४११ सीसीच्या हिमालयनची मागची चाल १८० मिमी आहे, तिथे एक तृतीयांश म्हणजे ६० मिमी. कम्युटरचा ३२ चा आकडा तिथे लावलात तर गाडी ताठ होईल.

खाच बदलताना

गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत. सायलेन्सर थंड झालेला हवा, कारण पाना निसटला की हाताची बोटं थेट त्याच्यावर जातात. आधी जुन्या टूथब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून रिंग आणि तिच्या खालच्या पायऱ्या घासून काढा. पायरीच्या खोबणीत चिखल आणि चेनचं तेल मिळून काळा लगदा बसलेला असतो. रिंग त्या लगद्यावर चढून अर्धवट बसते, आणि चार खड्ड्यांनी घसरून खालच्या पायरीवर येते. मेकॅनिकने वाढवून दिलं तरी महिन्याभरात पुन्हा खाली आलं, अशा बऱ्याच तक्रारींचं कारण एवढंच असतं. साफ झाल्यावर पायरीला ग्रीसचं बोट फिरवा.

टूलकिटमधला हुकवाला पाना रिंगच्या खाचेत पूर्ण बसवा आणि एका वेळी एकच खाच फिरवा. रिंग पायरीवर बसल्याचा टक् ऐकू येतो, हाताला धक्काही जाणवतो. पहिलीवरून थेट पाचवीवर किंवा उलट एका झटक्यात नेऊ नका, शॉकअपला इजा होऊ शकते. पाना आखूड पडत असेल तर त्यावर पाइप चढवा. पेचकस आणि हातोडीने रिंग ठोकू नका. खाचांचे काठ तुटतात, मग पाना धरायला जागाच राहत नाही.

मग दुसरी बाजू. दोन्ही शॉकअप एकाच खाचेवर हवेत. चेनची बाजू चौथीवर आणि सायलेन्सरची दुसरीवर अशा गाड्या सर्रास दिसतात, कारण सायलेन्सरच्या बाजूला पाना नीट फिरत नाही आणि काम अर्धं सोडलेलं असतं. वाकून दोन्हीकडच्या पायऱ्या स्वतः मोजा. साध्या गाड्यांत पाच खाचा असतात, काहींत सहा. बऱ्याच स्कूटरना खाचच नसते. तिथे वजन आणि हवा एवढेच दोन उपाय हातात उरतात.

मोनोशॉकला पायऱ्यांऐवजी आट्यांवरच्या दोन रिंगा असतील तर वरची लॉक रिंग आधी सैल करा, मग खालची फिरवा. किती फेरे झाले हे मोजण्याऐवजी स्प्रिंगची लांबी आधी आणि नंतर मोजून लिहून ठेवा. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे स्प्रिंग दाबलीत तर मोठ्या खड्ड्यात वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि सगळा धक्का चेसीला बसतो. शेवटी लॉक रिंग घट्ट करायला विसरू नका.

गाडी झोके घेत असेल तर

ठोकणं थांबलं, पण ब्रेकरवरून गेल्यावर मागचा भाग दोन-तीनदा वर-खाली होतो, अशी तक्रार आली तर प्रश्न स्प्रिंगचा नाही, आतल्या तेलाचा आहे. स्प्रिंग वर फेकते, तिला आवरायचं काम तेल करतं. जास्त दाबलेली स्प्रिंग जास्त जोराने फेकते, त्यामुळे थकलेल्या शॉकअपचा हा दोष प्रीलोड वाढवल्यावर आणखी उघडा पडतो. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. दुसऱ्यांदा पुन्हा वर-खाली झाला तर शॉकअप संपला.

रॉड दिसत असेल तर बघा: सीलजवळ ओलसर काळं कडं आणि त्याला चिकटलेली धूळ म्हणजे गळती. रॉडवर झाकण असेल तर गळती खालच्या बाजूला दिसते.

रिबाउंडचा (दबलेला शॉकअप परत किती वेगाने वर येतो ते ठरवणारा) स्क्रू किंवा नॉब असलेली गाडी असेल तर आधी तो घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद होईपर्यंत किती क्लिक लागतात ते मोजून लिहा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. नंतर मूळ जागेवर आणून भारासाठी दोन क्लिक बंद करा आणि चालवून बघा. फार बंद केलंत तर उलट त्रास: ओळीने येणाऱ्या खड्ड्यांत शॉकअपला परत वर यायला वेळ मिळत नाही, दर खड्ड्याला तो आणखी खाली बसत जातो आणि शेवटी ठोकतो. सलग ब्रेकरच्या पट्ट्यांवर पहिल्या दोन पट्ट्या मऊ आणि नंतरच्या कडक लागत असतील तर हेच झालंय.

गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन मोठ्या दाबाने भरलेला असतो. तो कापणं, तापवणं, भोक पाडणं जिवावर बेतू शकतं. तशी दुरुस्ती फुटपाथवरच्या गॅरेजात कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू नका.

पुढची बाजू

मागच्या माणसाचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे पुढच्या फोर्कला फारसं काही करावं लागत नाही. मागची उंची परत मिळाली की पुढचं हँडल आपोआप जड आणि खात्रीचं लागतं. मागून बसलेल्या गाडीचा फोर्क जास्त तिरका होतो. वळणावर गाडी बाहेर जाते ती त्यामुळे, फोर्क कमजोर झाल्यामुळे नाही. फोर्कमध्ये जाड तेल भरून घ्यायचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो, तो मानू नका. ब्रेक दाबल्यावर फोर्क तळाला आपटत असेल तरच त्याचं तेल आणि सील बघा, आणि तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं, दोन्ही पायांत मोजून सारखं भरा.

डोलण्याची तक्रार हवा आणि प्रीलोड नीट करूनही उरली तर दोन तपासण्या. मेन स्टँडवर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ जाणवला तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग. पुढचं चाक उचलून फोर्कचे खालचे भाग पुढे-मागे ओढा. टक् झालं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) ढिला. वजन नसताना हे दोष लपून राहतात, म्हणून दोष वजनाचा आहे असं वाटतं.

चेन आणि हेडलाइट

चेनकडे कोणी बघत नाही, आणि महागात हीच पडते. इंजिनचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हट आणि मागचं एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. भाराने गाडी बसते तेव्हा ती याच रेषेकडे सरकते. मेन स्टँडवर छान घट्ट केलेली चेन दोघं बसल्यावर तारेसारखी ताणू शकते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. म्हणून भार चढवल्यावर, मदतनीस आणि मागचा माणूस गाडीवर असताना, चेनचा खालचा भाग बोटाने वर-खाली करून बघा. थोडा तरी खेळ उरलाच पाहिजे. बऱ्याच कम्युटर गाड्यांना स्टँडवर २० ते ३० मिमी खेळ सांगितलेला असतो. पूर्ण चेन कव्हर असेल तर खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बोट घाला.

हेडलाइटचं गणित सोपं आहे. १३० सेंमी लांबीवर मागची बाजू ३ सेंमी जास्त बसली तर २५ मीटरवर प्रकाश अर्ध्या मीटरहून जास्त वर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत तो तिथेच शिरतो आणि तुमच्या पुढच्या खड्ड्यावर पडत नाही. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर, एकटे बसून लो बीमची वरची कड खडूने आखा. मग पूर्ण भाराने, प्रीलोड लावून, कड त्याच रेघेवर येईपर्यंत हेडलाइटचा स्क्रू फिरवा.

चालवून बघणं

सगळं सामान बांधून दहा-पंधरा किलोमीटरचा फेरा घ्या. सिमरोलच्या दिशेने थोडं जाऊन येणं पुरतं. थांबून दोरी आणि पट्टे पुन्हा आवळा, कारण सैल झालेली बॅगही गाडी डोलवते. चाल किती वापरली गेली हे बघायचं असेल तर उघड्या रॉडवर सीलजवळ बारीक केबल टाय सैलसर बांधा आणि फेऱ्यानंतर तो कुठवर ढकलला गेला ते मोजा. मोठ्या खड्ड्यानंतरही शेवटचे काही मिलिमीटर शिल्लक असतील तर सेटिंग जमलं.

ब्रेकरवर वजन असताना वेग आधीच कमी करा आणि पुढचं चाक चढण्याच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला तर फोर्क आधीच दबलेला असतो आणि धक्क्यासाठी चाल उरत नाही. मागच्याला आधी सांगा, म्हणजे तो फूटरेस्टवर थोडा भार घेईल. त्याने शॉकअपला आणि त्याच्या कंबरेलाही बराच फरक पडतो.

एवढं करूनही ठोकत असेल

शेवटची खाच, योग्य हवा, मर्यादेत वजन, आणि तरीही भाराची सॅग चालीच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुमच्या रोजच्या भारापुढे मुळातच मऊ आहे. एकट्याने त्याच गाडीत पहिल्या खाचेवर सॅग पूर्वीपेक्षा बरीच वाढलेली दिसली तर थकलेली समजा. म्हणूनच नव्या गाडीची मापं पहिल्या महिन्यातच लिहून ठेवावीत. दर आठवड्याला डबलसीट आणि सामान असेल तर जास्त कडक स्प्रिंगचे शॉकअप घेणं हाच सरळ उपाय. घेताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी मूळ शॉकअपएवढीच असू द्या. लांब शॉकअप लावला तर साइड स्टँडवर गाडी जास्त झुकते आणि चेनचा कोन बदलतो. वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी तुकडे बाजारात मिळतात, ते नकोत. ज्या वेटोळ्यांत रबर बसतं ती काम करायची थांबतात आणि ताण उरलेल्यांवर येतो.

शॉकअप नेहमी जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना लावला तर चिमटा दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या जोराने ढकलला जातो आणि वळणावर गाडी पिळल्यासारखी चालते. मोनोशॉकच्या गाडीत बदलण्याआधी लिंकेजचे बेअरिंग उघडून साफ करा आणि ग्रीस भरा. पावसाळ्यानंतर तिथे गंज धरलेला असेल तर चांगला शॉकअपही अडकतो आणि नवा घेऊनही त्रास तसाच राहतो.

पूर्ण भाराची खाच, हवा, रिबाउंडचे क्लिक आणि हेडलाइटच्या स्क्रूचे फेरे एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली टूलकिटमध्ये ठेवा, शेजारी एकट्याचे आकडेही. परत आल्यावर, सोमवारी गाडी काढण्याआधी, खाच खाली, हवा कमी, हेडलाइट मूळ जागी, आणि चेन पुन्हा एकदा बोटाने तपासून घ्यायची.